मोठ्या आवाजाचा रविवार

तुमच्या घरात टीव्हीचा आवाज कोणासाठी वाढवावा लागतो, आणि तो माणूस आयुष्यभर कुठे कामाला होता, हे दोन प्रश्न तुम्ही कधी एका दमात विचारले आहेत का?

मी विचारले नव्हते. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील कामगार संघटनेचं काम करायचे. पाण्यासाठी, रेशनसाठी, बोनससाठी छापलेल्या पत्रकांच्या उरलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं जोडायला शिकले. जगात जे काही चुकीचं आहे ते एका कागदावर, पाठपोट, ठळक मथळ्याखाली मांडता येतं अशी माझी पक्की समजूत त्यातूनच झाली. इनास तुस्कानो मला भेटले तेही पत्रकामुळेच. पत्रक माझं होतं, वराती-मिरवणुकांतल्या डीजेविरुद्धचं. मी ते गावागावांत वाटत फिरत होते.

रविवारची दुपार होती. विरारजवळच्या नंदाखालच्या एका वाडीत, केळींच्या आत दडलेल्या कौलारू घरातून व्हायोलिन ऐकू येत होतं. ऐकू येत होतं म्हणण्यापेक्षा अंगावर येत होतं. वाडीत शिरले तसा तो आवाज छातीत घुमायला लागला. पडवीत पाच-सहा म्हातारे खुर्च्यांवर डोळे मिटून बसले होते. त्यांच्यासमोर कमरेएवढ्या उंचीचे दोन लाकडी स्पीकर. एकाने तर स्पीकरच्या माथ्यावर तळवा टेकवला होता, जणू गुराच्या पाठीवर हात ठेवलाय. मी पायरीवर उभी राहून ओरडले, बंद करा हे. कोणाची पापणीही हलली नाही. मला तो उद्धटपणा वाटला. मी पुन्हा ओरडले.

कुंपणाच्या बाजूने एक बाई चालत आल्या. त्यांनी माझ्या हातातला गठ्ठा बघितला, मग मला बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "संपल्यावर बोल, बाय. आत्ता ओरडून घसा फोडशील. त्यांना तू ऐकूच येत नाहीयेस."

या क्लाराकाकू. आणि व्हायोलिन संपल्यावर ज्यांनी उठून, मनगटावरचं बटण नीट करून माझं पत्रक हातात घेतलं ते इनासकाका.

त्यांनी पत्रक पाठपोट वाचलं. इतकं मन लावून माझं पत्रक आजवर कोणी वाचलेलं नाही. मग म्हणाले की मथळा चुकलाय. मोठा आवाज हा गुन्हा नाही. ज्याला नको आहे त्याच्या घरात आवाज शिरतो, तो गुन्हा. एवढं सांगून ते मला वाडीच्या कुंपणापर्यंत घेऊन गेले. मागे पुन्हा व्हायोलिन सुरू झालं होतं, पण केळी आणि माडांच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला ते शेजारच्या घरातल्या रेडिओइतकंच येत होतं. स्पीकरची तोंडं त्यांनी मुद्दाम आतल्या बाजूला, विहिरीकडे वळवून ठेवली होती. दर रविवारी बैठक सुरू झाली की क्लाराकाकू कुंपणापर्यंत जायच्या आणि आवाज बाहेर जात नाही ना ते बघून हात वर करायच्या. त्यांचा हात वर गेल्याशिवाय काका खुर्चीत टेकायचे नाहीत. आवाज बाहेर जातोय की नाही हे ते स्वतः जाऊन का बघत नाहीत, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही.

त्यानंतर मी जवळजवळ दर रविवारी तिथे जायला लागले.

ती बैठक म्हणजे वसई पूर्वेच्या एका पत्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसांचा मेळा होता. स्टीलची ताटं, डब्यांची झाकणं, कुलपांचे भाग तिथे पॉवर प्रेसवर ठोकले जायचे. पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा, ज्याला तिथे डाय म्हणतात, दिवसभर पत्र्यावर आदळत राहायचा. इनासकाका तिथले सुपरवायझर. कामणहून येणारे गणपत म्हात्रे आणि वटारचे वामन राऊत हे त्यांच्या हाताखालचे प्रेसमन. बाकीचे अधूनमधून येत. सगळ्यांचेच कान गेलेले होते, कोणाचे कमी, कोणाचे जास्त. घरी टीव्ही मोठा केला की सुना कपाळाला आठ्या घालायच्या. लग्नाकार्यात कोणी काही विचारलं तर हे नुसते हसून मान हलवायचे. त्यामुळे हळूहळू लोक विचारेनासेच झाले. रविवारी दुपारी मात्र इथे यायचं आणि हवं तेवढं मोठं ऐकायचं. गणपतकाका ढोलाची गाणी आणायचे, वामनकाका नाट्यपदं, आणि इनासकाकांचं व्हायोलिन. बैठक सुरू करायची त्यांची एक खूण होती. दोन बोटांनी ते आपल्या कानावर टकटक करायचे. ती खूण झाली की बोलणं बंद.

"इथं आपल्याला कोन 'काय?' म्हणून विचारत नाय," गणपतकाका मला एकदा म्हणाले. "सगले सारखेच बहिरे. गपचूप बसाचा आनि आयकाचा. बास."

नम्रता इनासकाकांकडे औषधालाही नव्हती. घरातही ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे आणि गळ्यापर्यंत बटणं लावायचे. काकूंशी ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलत, आमच्याशी शाळेतल्या पुस्तकी मराठीत. दोन्हीकडे आवाज एकच, पाळी सुटताना द्यायच्या हाकेचा. चर्चमध्ये नवे स्पीकर बसवले तेव्हा मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपल्यावर ते फादरांकडे गेले आणि म्हणाले की तुमचा उपदेश मागच्या बाकांना पोचत नाही. फादर म्हणाले, बघतो. तर काका म्हणाले की घाई नाही, आजचा उपदेश पोचला नाही तरी काही बिघडलं नाही. त्यानंतर शरमेने काकू दोन रविवार पहिल्या मिस्सेला एकट्याच गेल्या.

स्पीकर हा त्यांच्या आयुष्याचा विषय होता. विरार-नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधले लोक स्पीकर घ्यायच्या आधी त्यांचा सल्ला घ्यायला यायचे. ते सल्ला देत नसत, उलटतपासणी घेत. पहिला प्रश्न ठरलेला, किती मोठं ऐकता? येणारा ओशाळून म्हणायचा की तसं हळूच ऐकतो. "हळू ऐकणारा माणूस स्पीकरसाठी नंदाखालपर्यंत येत नाही," काका म्हणायचे. "खरं बोला. मला तुमच्या बायकोला सांगायचं नाहीये."

मग पुढचं. ज्याच्याकडे साधा, स्वस्त रिसीव्हर आहे, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच डब्यात, त्याने स्पीकर किती वॅट खातो हे विचारायचंच नाही. थोड्या विजेत तो किती आवाज देतो हे विचारायचं. "वॅट विचारू नका, दम विचारा," असं ते म्हणत. स्पीकरच्या पाठीवर डेसिबलचा आकडा असतो. तो नव्वदीच्या वर असेल तर बिचाऱ्या रिसीव्हरला ऊर फुटेस्तोवर धावावं लागत नाही. ओहम, म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा, आठच हवेत. चारचे घेतले की स्वस्त रिसीव्हर तापतो, त्याच्या माथ्यावर हात ठेववत नाही. मोठी बास हवी तर मोठा कागदी पडदा आणि मोठी पेटी घ्यावी. चिमुकल्या डब्यातून धडधड काढू म्हणणाऱ्याला दुकानातच नमस्कार करावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पडद्याच्या कडेला फोम आहे की कापड, ते अंगठ्याने दाबून बघायचं. समुद्राच्या हवेत फोमचा काही पावसाळ्यांतच भुगा होतो. कापड टिकतं. शेवटी ते पेटी उचलायला लावायचे. जी एका हाताने उचलली जाते ती घ्यायची नाही.

नालासोपाऱ्याच्या एका जुन्या मालाच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेले होते. दुकानदाराने चकचकीत निळ्या दिव्यांचा एक स्पीकर पुढे केला आणि म्हणाला, अंकल, हजार वॅट. काकांनी त्याला तो चालू करायला सांगितला. मग स्पीकरवर हात ठेवून स्वस्थ उभे राहिले. बराच वेळ गेला. दुकानदार अस्वस्थ झाला, क्या हुआ अंकल म्हणाला. काका म्हणाले, "माझ्या घरी हजार वॅटची इस्त्री आहे. ती लावली की मीटर गरागरा फिरतो. तुझा हा हजार वॅटवाला लावून इतका वेळ झाला, तुझ्या पंख्याचा वेगसुद्धा कमी झाला नाही. एवढी वीज जाते कुठे, तुझ्या खिशात?" दुकानात बसलेली दोन माणसं हसली. दुकानदारही हसला आणि आतल्या खोलीतून धूळ खाल्लेली एक जुनी, जड जोडी काढून दिली. पडवीतली शेवटची जोडी ती हीच.

जो कोणी त्यांच्या सल्ल्याने स्पीकर घ्यायचा त्याच्या घरी ते एकदा जायचे आणि रिसीव्हरच्या आवाजाच्या खुंटीशेजारी, एका ठरावीक जागी, काकूंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायचे. या ठिपक्यापुढे खुंटी न्यायची नाही. लोकांना वाटतं की जास्त ताकदीने स्पीकर जळतो. ते म्हणायचे, उलट आहे. कमी ताकदीच्या रिसीव्हरला त्याच्या कुवतीपलीकडे ढकललं की सुराची टोकं कापली जातात, आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजाची सगळी आग जाऊन पडते ट्विटरवर. ट्विटर म्हणजे वरचे बारीक सूर काढणारा स्पीकरमधला इवलासा भाग. तो गुपचूप मरतो. "दुबळ्याला ओरडायला लावलं की नाजूक जिवाचा बळी जातो," हे त्यांचं वाक्य मी एका पत्रकात चोरून वापरलं होतं.

इतकं सगळं कळणाऱ्या माणसाचं स्वतःच्या स्पीकरशी मात्र कधी पटलं नाही. लहानपणी ते चर्चच्या गायनवृंदात व्हायोलिन वाजवायचे. नोकरी लागली, बोटांना पत्र्याचे कापे पडायला लागले आणि वाजवणं सुटलं. पण वरच्या तारेवरचा एक सूर त्यांच्या डोक्यात राहून गेला होता. त्या सुराचं वर्णन ते करायचे तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली यायचा. म्हणायचे की गवताच्या पात्यावरून बोट फिरवल्यासारखा तो लागतो, कापतो आणि गोड वाटतो. तो सूर त्यांना कुठल्याच स्पीकरमध्ये सापडेना. माझ्या ओळखीच्या काळात त्यांनी तीन जोड्या बदलल्या. प्रत्येक नव्या जोडीसमोर ते पुढे वाकून बसायचे, चेहरा हळूहळू उतरायचा आणि म्हणायचे, हाही खालीच राहतो, वर चढत नाही. वामनकाका आणि गणपतकाका गंभीरपणे मान हलवायचे. खरंच, वर चढत नाही. मग काका रिसीव्हरवरचं ट्रेबलचं, म्हणजे वरचे सूर वाढवायचं, बटण शेवटपर्यंत फिरवायचे.

मला तो सूर ऐकू यायचा. इतका की कानात सुई जावी. मला वाटायचं, यांना याहून काहीतरी उंच, मला न कळणारं हवं असेल. संगीतातलं मला फारसं कळत नाही.

काही महिने मी कामासाठी मुंबईत राहिले. परत नंदाखालला गेले तो ईस्टरनंतरचा रविवार होता. क्लाराकाकूंनी कुंपणाशी हात वर केला, काकांनी कानावर टकटक केली, व्हायोलिन सुरू झालं. पण ते व्हायोलिन नव्हतं. गोधडीखाली कोणीतरी गुणगुणावं तसा तो आवाज होता. खालचे सूर भरदार, वर मात्र काहीच नाही. मी जवळ गेले, एका ट्विटरला कान लावला, मग दुसऱ्याला. दोन्ही मुके. रिसीव्हरच्या खुंटीकडे बघितलं. ती लाल ठिपका ओलांडून पार पुढे गेली होती.

मला गप्प बसता येत नाही. व्हायोलिन संपल्यावर मी काकांसमोर उभी राहिले आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाले, काका, ट्विटर गेलेत. दोन्ही.

गणपतकाका हसले. म्हणाले, पोरीचे कान मुंबईत बिघडलेत. वामनकाकांनी सांगितलं की आज तर आवाज नेहमीसारखाच आहे, झाला तर जास्त गोडच. काका आत गेले, स्क्रू ड्रायव्हर आणि तारा तपासायचा मीटर घेऊन आले. ट्विटर बाहेर काढून त्यांनी मीटरच्या दोन्ही सुया त्याच्या टोकांना लावल्या. काटा हलला नाही. दुसऱ्याला लावल्या. काटा हलला नाही. आतली तार जळून तुटलेली होती. त्यांनी वर बघितलं आणि मला नाही, काकूंना विचारलं, "कधीपासून?"

काकू पडवीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "उपवासकाळात कधीतरी. मला वाटलं, तुम्हीच कमी केलंत. कानाला बरं वाटत होतं, म्हणून बोलले नाही."

काकांनी हिशेब केला असावा. उपवासकाळ म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, कितीतरी रविवार. तेवढे रविवार सहा माणसं मेलेल्या ट्विटरसमोर डोळे मिटून बसली होती आणि कोणालाही काही कमी पडलं नव्हतं. ज्याच्या शोधात त्यांनी तीन जोड्या बदलल्या तो सूर प्रत्येक जोडीत होता. त्यांनी तो ऐकू येत नाही म्हणून ट्रेबल वाढवलं, आवाज वाढवला, ठिपका ओलांडला, आणि रिसीव्हर फाटक्या आवाजात किंचाळला तेव्हा ते किंचाळणंही त्यांना ऐकू आलं नाही.

बैठक तिथेच मोडली. त्यांनी मीटरची वायर गुंडाळली. ती गुंडाळायला त्यांना फार वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना कानाच्या तपासणीला घेऊन गेले. ते आले, हेच मला नवल. एरवी हा विषय काढला की ते उठून केळींना पाणी द्यायला जायचे. बंद खोलीत कानाला यंत्र लावून बसवलं, सूर ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. काचेपलीकडून मी बघत होते. बराच काळ त्यांचं बोट बटणावर नुसतं ठेवलेलं होतं. खालच्या सुरांपासून वरच्या सुरांपर्यंत काय ऐकू येतं ते दाखवणारी कागदावरची रेघ डावीकडून सपाट निघाली होती आणि मध्यावर आल्यावर विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. मी डॉक्टरांना सांगितलं की हे पत्र्याच्या कारखान्यात होते, हे तुम्ही लिहून द्या. कामामुळे बहिरेपण आलं तर कामगाराला भरपाई मागता येते. डॉक्टरांनी लिहिलं, वयोमानानुसार. मी भांडले. डॉक्टर म्हणाले की कारण मला कसं कळणार, कान आता गेलेले आहेत, कधी गेले ते कान सांगत नाहीत. कारखान्याने तर दोनदा नाव आणि मालक बदलले होते, भरपाई मागायची ती कोणाकडे? तिथे उभं राहून मी मनातल्या मनात एक पत्रक लिहीत होते, ठळक मथळ्याचं. काका माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आले.

रिक्षात त्यांनी मला सांगितलं. इतक्या हळू की माझा विश्वासच बसेना की हा त्यांचा आवाज आहे. सरकारी तपासणी येणार म्हणून कंपनीने एकदा कानात घालायचे रबरी बोळे आणले होते. सुपरवायझर म्हणून ते वाटायचं काम त्यांचं होतं. त्यांनी ते कपाटात ठेवून दिले. कोणी सांगितलं म्हणून नाही. त्यांना स्वतःलाच ते पटत नव्हते. चांगला प्रेसमन डाय कानाने ओळखतो, हे त्यांनी प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं होतं. डाय बरोबर बसली की एक आवाज येतो, किंचित सरकली की दुसरा. तो फरक ज्याला कळतो त्याचा हात वाचतो, माल वाचतो. बोळे घातले की तो फरक ऐकू येणार नाही. म्हणून काचेच्या केबिनमधून ते माणसांकडे बघायचे आणि दोन बोटांनी कानावर टकटक करायचे. कान उघडे ठेव. ऐक.

माझ्या सगळ्या पत्रकांत मालक असतो, सरकार असतं, बिल्डर असतो. ज्याच्याकडे बोट दाखवायचं तो कायम त्या बाजूला उभा असतो. इथे तो माझ्याशेजारी रिक्षात बसला होता आणि त्याच्या मांडीवर त्याच्या कानांचा नकाशा होता.

त्या रविवारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. स्पीकर बंद होते. ते उभे राहिले आणि जुन्या सवयीच्या कारखान्याच्या आवाजात बोलले, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. "बोळे आले होते. मी कपाटात ठेवले. तुम्हाला मी कान उघडे ठेवायला लावले. तुमचे कान माझ्यामुळे गेले." मग दोन बोटं कानाशी नेली, टकटक केली आणि मान हलवली. नाही.

वामनकाकांनी ते सगळं ऐकून घेतलं. पुन्हा सांगा असं एकदाही म्हणाले नाहीत. मग चपला घातल्या आणि वाडीच्या वाटेने चालायला लागले. त्यानंतर ते कधीच आले नाहीत. मी वटारला त्यांच्या घरी जाऊन आले. ते भाजीच्या वाफ्यात काम करत होते. मला म्हणाले की माझी नात बोलायला लागली आहे. ती काय म्हणते ते घरातले मला मोठ्याने सांगतात. ती कशी म्हणते ते मला कोण सांगणार?

गणपतकाका थांबले. म्हणाले, "सायेब, तुमी बोले दिले असते तरी आमी ते घातले नसते. आमाला पन तवा डाय आयकाचीच मस्ती होती." काकांना ते पूर्ण ऐकू गेलं नाही. काकूंनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ते पुन्हा सांगितलं. काका म्हणाले, तुम्ही घातले नसते ही गोष्ट वेगळी. मी दिलेच नाहीत ही वेगळी.

नवे ट्विटर त्यांनी बसवले नाहीत. जळलेले ट्विटर टाकून दिले, त्या भोकांवर फळ्या ठोकल्या आणि ती जोडी गणपतकाकांना देऊन टाकली. ढोलाला वरच्या सुरांची गरज पडत नाही. व्हायोलिनच्या तबकड्या त्यांनी काय केल्या ते मला माहीत नाही. सल्ला मागायला येणाऱ्यांना ते नंतरही खुर्ची द्यायचे, सगळं नीट समजावून सांगायचे, कापड, ओहम, ठिपका, पण दुकानात जायला नकार द्यायचे. म्हणायचे, बरोबर एखादं तरुण माणूस घेऊन जा. माझ्या भरवशावर राहू नका.

मग काका वसई पूर्वेला जायला लागले. त्यांचा कारखाना होता त्याच औद्योगिक वसाहतीत. जुना कारखाना दुसऱ्या नावाने चालू आहे, प्रेस त्याच आहेत, माणसं उत्तर प्रदेश-बिहार-ओडिशाहून आलेली पोरं. काका औषधाच्या दुकानातून बोळ्यांची पाकिटं घेऊन जायचे आणि जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर ती वाटायचे. सुरक्षारक्षकाने हुसकलं तर समोरच्या पानाच्या टपरीशी उभे राहायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर होते. एका पोराने पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं, हसला आणि परत केलं. म्हणाला, "चाचा, कान बंद किया तो डाय का पता कैसे चलेगा?"

काकांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काय म्हणतोय? मला ते वाक्य त्यांच्यासमोर पुन्हा उच्चारावं लागलं. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, भर रस्त्यात. त्यांनी मान डोलावली, त्या पोराला जवळ बोलावलं आणि स्वतःच्या दोन्ही कानांकडे बोट दाखवलं. "असं कळतं," ते म्हणाले. "आधी डाय कळते. मग ती कळेनाशी होते. आणि ती कळेनाशी झाली, हेही कळत नाही."

ते पोरगं पाकीट घेऊन गेलं. त्याने बोळे घातले की नाही, मला माहीत नाही.

त्या पावसाळ्यात इनासकाका गेले. आजार थोडक्यातच आटोपला. मला त्यांचं शेवटचं आठवतं ते त्याच्याआधीच्या एका संध्याकाळचं. मी वालीवकडून, त्या वसाहतीच्या रस्त्याने, येत होते आणि ते मला दिसले. पाळी सुटायची वेळ होती. टपरीशेजारी काका उभे होते, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि त्यांच्या शेजारी क्लाराकाकू. फाटकातून पोरं बाहेर पडत होती. एखादं पोरगं पुढे गेलं की काका त्याच्या पाठीमागून म्हणायचे, "भाऊ." साध्या आवाजात. स्वतःचा आवाज साधा आहे की मोठा हे त्यांना कळायचं नाही, म्हणून काकूंनी त्यांचं कोपर धरून ठेवलं होतं. आवाज चढला की त्या हलकेच दाबायच्या. काका पुन्हा म्हणायचे, खाली आणून, "भाऊ." काही जण वळून बघायचे, त्यांना ते हात हलवून जाऊ द्यायचे. जे न वळता तसेच पुढे जात होते त्यांच्यामागे ते दोघं भराभर चालत जायचे. मी हाक मारणार होते. पण काकूंचं सगळं लक्ष त्यांच्या आवाजाकडे होतं, आणि काकांना माझी हाक पोचली नसती.

आता ते तिथे उभे नसतात. म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. पत्रा ठोकणारा असा एखादा कारखाना तुमच्या घरापासून फार लांब नाही. या आठवड्यात एकदा, पाळी सुटायच्या वेळी, त्याच्या फाटकाशी जा. बाहेर पडणाऱ्या पोरांच्या पाठीमागून, घरात हाक मारतो तेवढ्याच आवाजात, "भाऊ" म्हणा. जो वळणार नाही त्याच्यासमोर जाऊन उभे राहा. त्याला कानाच्या तपासणीला घेऊन जा, आणि डॉक्टरकडून तो कुठे कामाला आहे हे त्याच कागदावर लिहून घेतल्याशिवाय उठू नका. हे आत्ताच करा, त्याचं वय झालं असं म्हणायची सोय अजून कोणालाही नाही, तोवर.